महामार्ग, गिरमिट आणि कादंबरी : त्रिनिदादमधील चर्चिल-रूझवेल्ट महामार्ग

१

वाङ्मयाच्या अभ्यासकाने रस्त्यांचा इतिहास वाचावा, असे सहसा कोणी सुचवीत नाही. रस्ता हा स्थापत्याचा, फार तर अर्थकारणाचा विषय समजला जातो. तथापि काही रस्ते असे असतात की ते कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवरून बांधले हे कळल्यावाचून त्या प्रदेशातील काही महत्त्वाच्या साहित्यकृतींचा अर्थ पुरता लागत नाही. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरचा चर्चिल-रूझवेल्ट महामार्ग हा अशांपैकी एक होय. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेस असलेल्या बाराटारियापासून वॉलरफील्डपर्यंत तो पूर्व-पश्चिम जातो. लांबी पंचवीस-तीस किलोमीटर. आपल्याकडील राष्ट्रीय महामार्गांच्या मानाने ती नगण्यच म्हणावी लागेल. परंतु भारतातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांचे जीवन उसाच्या मळ्याकडून शहराकडे आणि भोजपुरीकडून इंग्रजीकडे ज्या काळात झपाट्याने वळले, त्याच काळात हा रस्ता बांधला गेला. सॅम्युअल सेल्वन यांच्या ‘अ ब्रायटर सन’ (१९५२) या कादंबरीत तर या रस्त्याची बांधणी हीच मध्यवर्ती घटना आहे.

प्रस्तुत लेखात या महामार्गाचा इतिहास थोडक्यात सांगून, तो इतिहास आणि ही कादंबरी एकमेकांवर कोणता प्रकाश टाकतात ते पाहावयाचे आहे. भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने यात एक मूलभूत प्रश्न गुंतलेला आहे. ज्यांची मूळ भाषा अवघ्या काही पिढ्यांत हरपली, त्यांचे वाङ्मय आपल्या अभ्यासकक्षेत कोणत्या नात्याने येते?

२

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी त्रिनिदादच्या किनाऱ्यावर उतरली. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर नेण्यात आली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची हकिगत आपल्या काहीशी परिचयाची आहे. त्रिनिदादला जाणारी जहाजे मात्र मुख्यतः कलकत्त्याहून, आणि काही मद्रासहून, सुटत. आजच्या पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील लोकांचे प्रमाण त्यांत मोठे असल्याने तेथील भारतीयांची घरची बोली प्रामुख्याने भोजपुरी राहिली.

या मजुरांचा रस्त्याशी असलेला संबंध ध्यानात घेण्यासारखा आहे. करार पाच वर्षांचा असे, आणि त्या मुदतीत मालकाच्या रजेचा दाखला जवळ असल्याशिवाय मळ्याची हद्द ओलांडता येत नसे. सरकारी रस्त्यावर असा दाखला नसलेला मजूर आढळला तर त्याला अटक होऊ शके. म्हणजे गिरमिटियाच्या लेखी हमरस्ता ही मोकळीक देणारी वस्तू नव्हती. तो मळ्याच्या कुंपणाचाच पुढचा भाग होता. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी याचा अत्यंत विदारक प्रत्यय आला. मोहरमच्या ताबुतांच्या मिरवणुकींना शहरात येण्यास सरकारने बंदी केली होती. त्या मिरवणुकींत मुसलमानांच्या बरोबरीने हिंदू मजूरही असत. बंदी न जुमानता सान फर्नांडोच्या वेशीपर्यंत आलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि अनेक माणसे मृत्युमुखी पडली. मजुरांनी मळ्यात राहावे, रस्त्याने शहरात येऊ नये, हा त्या राज्यव्यवस्थेचा अलिखित, आणि प्रसंगी लिखितही, नियम होता.

करार संपलेल्यांपैकी पुष्कळांनी परतीच्या प्रवासाऐवजी जमीन पत्करली, किंवा खंडाने जमीन घेऊन भात, भाजीपाला आणि ऊस लावण्यास आरंभ केला. बेटाच्या उत्तरेस डोंगराची रांग आहे. तिच्या पायथ्याशी जुना पूर्वेचा हमरस्ता. त्यावर सान हुआन, सेंट जोसेफ, टुनापुना, अरिमा ही गावे ओळीने वसलेली. १८७६ साली पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा असा लोहमार्गही त्याच पट्ट्यातून सुरू झाला. या दोहोंच्या दक्षिणेस कारोनी नदीकडे उतरत जाणारी सखल, ओलसर जमीन होती. बाराटारियाच्या परिसरात तेथे भारतीय शेतकरी टोमॅटो, वांगी, पालेभाज्या पिकवून राजधानीच्या बाजारात विकीत. गावे सगळी डोंगराच्या पायथ्याशी, मळे दक्षिणेला. मधली ही जमीन शासनाच्या नकाशावर जवळजवळ मोकळीच दिसे. महामार्गाची आखणी याच जमिनीवरून झाली.

३

२ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटन व अमेरिका यांच्यात एक करार झाला. अमेरिकेने ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला द्याव्यात, आणि ब्रिटनने आपल्या पश्चिम गोलार्धातील वसाहतींत अमेरिकेला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने लष्करी तळांसाठी जागा द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. भाडेपट्ट्याचा तपशीलवार करारनामा २७ मार्च १९४१ रोजी झाला. या व्यवहारात वसाहतीतील जनतेला कोणी विचारले नाही. त्रिनिदादचे गव्हर्नर सर ह्यूबर्ट यंग यांचादेखील आक्षेप होता. अमेरिकनांनी कारोनीची दलदल भरून काढून तेथे तळ उभारावा, असे त्यांचे म्हणणे. ते मानले गेले नाही. वायव्येकडील चागुआरामास येथे नाविक तळ आणि बेटाच्या अंतर्भागात वॉलरफील्ड येथे विमानतळ व लष्करी छावणी, अशी दोन मोठी केंद्रे उभी राहिली.

बंदरात उतरणारी सामग्री वॉलरफील्डपर्यंत नेण्यास जुना पूर्वेचा हमरस्ता अपुरा होता. तो अरुंद होता. दुतर्फा दुकाने, बैलगाड्या, पायी जाणारी माणसे यांची सदैव गर्दी असे. म्हणून अमेरिकन सैन्याने त्याच्या दक्षिणेस सरळ, रुंद असा नवा रस्ता युद्धकाळातच बांधून काढला. प्रथम तो लष्करी वाहतुकीसाठीच होता. सर्वसामान्य वाहनांना तो युद्धानंतर खुला झाला. त्या बेटावर यंत्रांच्या साहाय्याने इतक्या वेगाने झालेले इतके मोठे काम लोकांनी पूर्वी पाहिले नव्हते.

रस्त्याचे नाव चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्यावरून पडले. या जोडनावात एक विसंगती दडलेली आहे, आणि ती भारतीय वाचकास विशेष जाणवेल. ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ भेटून या दोघांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपली शासनपद्धती निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क तीत मान्य केला होता. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला, की हे कलम नाझी अंमलाखालील युरोपीय राष्ट्रांना उद्देशून आहे; हिंदुस्थान, ब्रह्मदेश आदी साम्राज्यातील प्रदेशांचा प्रश्न निराळा आहे. अशा प्रकारे त्या सनदेच्या दोन जनकांची नावे धारण करणारा रस्ता, सनदेच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या दोन देशांच्या इतिहासाच्या संधीवर उभा राहिला. जमीन त्रिनिदादची होती. ती कसणारे बहुतांशी हिंदुस्थानातून आलेल्यांचे वंशज होते.

आर्थिक परिणाम तात्काळ दिसू लागले. तळांवरील मजुरी मळ्यातील मजुरीपेक्षा कितीतरी अधिक होती. ऊसतोडणीस माणसे मिळेनाशी झाली. भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे मजूर, जे आजवर अनुक्रमे मळ्यांत आणि शहरांत वा तेलक्षेत्रांत विभागलेले होते, ते एकाच कामावर येऊ लागले. या नव्या पैशाची दुसरी बाजूही होती, आणि ती लॉर्ड इन्व्हेडर यांच्या ‘रम अँड कोकाकोला’ या कॅलिप्सो गीताने उपरोधाने टिपली. अमेरिकन डॉलरने घरातील नातीगोती कशी विसकटली, हा त्या गीताचा विषय. पुढे तेच गीत अमेरिकेत दुसऱ्याच्या नावावर प्रसिद्ध होऊन अफाट गाजले, आणि मूळ हक्कदारांना न्यायालयात जावे लागले. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला.

४

सॅम्युअल सेल्वन यांचा जन्म १९२३ साली सान फर्नांडो येथे झाला. वडील मद्रासकडील भारतीय, आईच्या रक्तात भारतीय व स्कॉटिश असे दोन्ही अंश. ते वाढले शहरातील मिश्र वस्तीत. भोजपुरी खेड्याचे जीवन हा त्यांचा घरचा अनुभव नव्हता. युद्धकाळात त्यांनी नौदलाच्या राखीव दलात बिनतारी संदेशवाहकाचे काम केले, नंतर ‘त्रिनिदाद गार्डियन’ या वृत्तपत्रात नोकरी केली आणि १९५० साली ते लंडनला गेले. ‘अ ब्रायटर सन’ ही त्यांची पहिली कादंबरी.

तिचे कथानक साधे आहे. चगुआनासच्या ऊसपट्ट्यातील टायगर या सोळा वर्षांच्या मुलाचे अर्मिला हिच्याशी लग्न होते आणि ते जोडपे बाराटारियात येऊन संसार मांडते. शेजारी जो आणि रीटा हे आफ्रिकी वंशाचे दांपत्य. टायगर भाजीपाला लावतो, दूध विकतो. वृद्ध व मद्यासक्त सुकदेव त्याला इंग्रजी वाचायला शिकवतो. मग अमेरिकन येतात. बागाईत जमिनींवरून रस्ता जाणार असे जाहीर होते. टायगर त्याच रस्त्याच्या कामावर रुजू होतो. सुकदेवची बाग यंत्राखाली जाते, आणि त्या आघातातून तो सावरत नाही.

जमीन हिरावली जाणे हा भारतीय कादंबरीचा जुना विषय आहे. फकीरमोहन सेनापती यांच्या ‘छ माण आठ गुंठ’पासून त्याची परंपरा सांगता येईल. प्रेमचंदांच्या ‘रंगभूमि’तील (१९२५) सूरदास सिगारेटच्या कारखान्यासाठी आपली जमीन देण्यास नकार देतो आणि त्या नकाराने नैतिक उंची गाठतो. मराठीत विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांची परवड विस्ताराने मांडली. या कृतींच्या शेजारी सेल्वन यांची कादंबरी ठेवली म्हणजे तिचे वेगळेपण स्पष्ट होते. येथे प्रतिकार नाही. ज्या समाजाची जमीन जाते त्याच समाजातील तरुण उत्साहाने रस्ता बांधतो. सुकदेव आणि टायगर हे गुरुशिष्य. गुरूची बाग ज्या रस्त्याखाली जाते त्याच रस्त्याची मजुरी शिष्य घेतो. लेखक टायगरला दोष देत नाही, आणि त्याची सुटकाही करीत नाही.

हे समजून घेण्यास गिरमिटाचा इतिहास उपयोगी पडतो. सूरदासाची जमीन पूर्वजांची आहे. तिच्याशी त्याचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. सुकदेवची जमीन सरकारी वा खंडाची, करारातून सुटलेल्यांनी घाम गाळून बागाईत केलेली. तिच्यावर ममत्व आहे, पण तिला पुराणत्वाचा आधार नाही. शिवाय टायगरच्या मनात शेतीची प्रतिमा मळ्याशी निगडित आहे, आणि मळा म्हणजे आजोबांच्या पिढीचे दास्य. ज्यांच्या आजोबांना रस्त्यावर पाऊल टाकण्यासाठी दाखला लागत असे, त्यांच्या नातवाने रस्ता बांधण्यात पुरुषार्थ मानावा, हे ऐतिहासिक दृष्ट्या समजण्याजोगे आहे.

तथापि या पुरुषार्थाची किंमत कोण देते, हे कादंबरी विसरत नाही. टायगर आपल्या अमेरिकन वरिष्ठांना घरी जेवायला बोलावतो. त्यांच्यापुढे शोभावे म्हणून अर्मिला रीटाकडून उसन्या वस्तू आणते, नटते. त्या रात्री मद्याच्या अमलात आणि मत्सराने टायगर गर्भवती अर्मिलेला मारहाण करतो. मूल मृत जन्मते. रस्त्याने आणलेली प्रतिष्ठा घराच्या उंबरठ्याशी येऊन अशी हिंसक होते. त्या संकटात धावून येते ती रीटा. दोन वंशांतील अविश्वासाची भिंत बायकांच्या शेजारधर्मातून ओलांडली जाते. पुरुषांच्या एकत्र मजुरीतून तसे घडतेच असे नाही. कादंबरीतील ही जाण, माझ्या मते, तिच्या राजकीय विधानांहून खोल आहे.

याच काळाचे दुसरे चित्र व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘मिगेल स्ट्रीट’ (१९५९) मधील ‘अंटिल द सोल्जर्स केम’ या कथेत आढळते. तेथे अमेरिकन तळावर नोकरी लागलेल्या माणसाचे उसने अमेरिकनपण आणि त्याचा कोसळलेला संसार नर्मविनोदाने रंगविला आहे. नायपॉल यांचा निवेदक गल्लीतला मुलगा. तो पाहणारा आहे. सेल्वन यांचा नायक बांधणारा आहे, आणि म्हणून त्याला स्वतःवर हसणे तितके सोपे नाही.

५

आता भाषेचा प्रश्न. टायगरला वाचायला शिकायचे असते ते इंग्रजी. ही केवळ वैयक्तिक हौस नव्हे. युद्धकाळातच त्रिनिदादमध्ये मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने, मतदारास इंग्रजी समजले पाहिजे अशी अट सुचविली होती. ती अमलात आली असती तर वडीलधाऱ्या भारतीयांपैकी फार मोठा वर्ग मतदानास मुकला असता. भारतीय समाजाने तिला कडवा विरोध केला, अट रद्द झाली, आणि १९४६ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. भाषेचा हक्क असा टिकला. भाषा मात्र टिकली नाही. मळ्यातील व खेड्यातील एकत्र वस्ती हा भोजपुरीचा आधार होता. शाळा आधीपासूनच इंग्रजीच्या होत्या; रस्ता, मजुरी आणि शहर यांनी तो उरलेला आधारही काढून घेतला.

या संदर्भात पेगी मोहन यांच्या कार्याचा उल्लेख केला पाहिजे. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या भाषाविदुषीने १९७८ साली मिशिगन विद्यापीठात त्रिनिदाद भोजपुरीच्या रूपविचारावर प्रबंध सादर केला. तोवर ही बोली मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली होती. पुढे भारतात वास्तव्य केल्यावर त्यांनी ‘जहाजिन’ (२००७) ही कादंबरी लिहिली. बोलीच्या अखेरच्या भाषकांकडून ऐकलेली स्थलांतराची कथा हा तिचा गाभा आहे.

सेल्वन यांच्या पात्रांची भाषा म्हणजे त्रिनिदादची बोली इंग्रजी. तीत भारतीय, आफ्रिकी, चिनी सगळेच बोलतात. अधूनमधून हिंदी शब्द येतात. हे शब्द नावे, नाती, अन्न आणि विधी यांचे आहेत. भाषा गेली तरी ज्या ठिकाणी ती सर्वांत शेवटी सोडली जाते, त्या ठिकाणचे हे अवशेष आहेत. भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकाला या कादंबरीत भारतीयत्वाचा शोध घ्यावयाचा असेल तर तो देवळांच्या आणि सणांच्या वर्णनांत घेण्यापेक्षा, शब्दांच्या या मागे राहण्यात घेणे अधिक फलदायी ठरेल. तसे केल्यास ती कादंबरी आपल्या वाङ्मयाची दूरची शाखा म्हणून वाचण्याची गरज उरत नाही. आपल्याकडेही खेडे सोडून शहरात आलेल्या माणसाच्या घरात बोली कशी मावळते, याचा अभ्यास तीवरून करता येईल.

६

युद्धानंतर वॉलरफील्डचा तळ बंद झाला. तेथील धावपट्टी काही काळ मोटारशर्यतींसाठी वापरली गेली. सेल्वन यांच्या ‘टर्न अगेन टायगर’ (१९५८) या उत्तरार्धात टायगर पुन्हा उसाच्या मळ्याकडे जातो. रस्ता बांधून झाल्यावर त्याने कोठे जावे, याचे उत्तर रस्त्यापाशी नव्हते. आधी आजोबांच्या भूमीशी हिशोब पुरा करणे त्याला भाग होते.

बेटावरील पुढचे रस्ते देशी राज्यकर्त्यांच्या काळात वाढले आणि नावेही बदलली. ब्रिटिश राजकन्या मार्गारेट हिच्या १९५५ च्या भेटीवरून नाव पडलेल्या, दक्षिणेस चगुआनासकडे जाणाऱ्या महामार्गास पुढे उरायाह बटलर यांचे नाव देण्यात आले. १९३७ च्या तेलकामगारांच्या संपाचे हे नेते. २२ एप्रिल १९६० रोजी एरिक विल्यम्स यांनी चागुआरामासचा तळ परत मिळावा म्हणून भर पावसात मोर्चा काढला. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. १९६८ साली लोहमार्ग बंद पडला आणि वाहतुकीचा सारा भार रस्त्यांवर आला. २००३ साली सरकारी साखर कंपनी बंद झाली, आणि ज्या मळ्यांसाठी भारतीय आणले गेले त्यांचे पर्व संपले. एवढ्या उलथापालथीत चर्चिल-रूझवेल्ट हे नाव मात्र तसेच राहिले.

सुकदेवचा प्रश्नही तसाच राहिला. दक्षिणेकडील महामार्ग पॉइंट फोर्टिनपर्यंत वाढविताना डेबे ते माँ देझीर या टप्प्याला वस्त्या आणि पाणथळ जमीन यांच्या रक्षणासाठी विरोध झाला. सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठातील अध्यापक वेन कुबलालसिंग यांनी त्यासाठी २०१२ आणि २०१४ साली प्रदीर्घ उपोषणे केली. पूर्वेस कुमुटोपासून मांझानियापर्यंत योजलेला रस्ता आरिपोच्या संरक्षित गवताळ प्रदेशालगत जात असल्याने २०१७ साली न्यायालयात पोहोचला. १९४१ मध्ये सुकदेवला जे म्हणण्यास जागा नव्हती, ते आता उपोषणाने आणि याचिकेने म्हटले जाते, एवढा फरक पडला आहे. उपोषण हे साधन कोणत्या परंपरेतून तेथे पोहोचले, हे भारतीय वाचकास सांगावयास नको.

हा महामार्ग बांधला त्या पिढीला त्यापासून मजुरी मिळाली, शहर मिळाले, शेजारी मिळाले. तिने जे गमावले त्यातील जमिनीची भरपाई सरकारने पैशांत मोजली. बोलीची भरपाई मोजण्याचे मात्र कोणत्याही खात्याकडे कोष्टक नव्हते. ते काम वाङ्मयाकडे आले. आणि सेल्वन यांनी ते नव्या भाषेत केले, कारण जुनी भाषा त्यांच्याही हाती उरली नव्हती. भारतीय वाङ्मयांची कक्षा ठरविताना आपण भाषेला प्रमाण मानतो, ते योग्यच आहे. परंतु भाषा हरपण्याची हकिगत हीदेखील त्या भाषेच्या इतिहासाचे एक प्रकरण असते, एवढे मान्य केले तर बाराटारियाच्या बागांवरून गेलेला हा रस्ता आपल्या अभ्यासाच्या हद्दीत येतो.